सोहराच्या पोटातली मोजणी : जानेवारीतले सात दिवस

दिवस पहिला – पुणे ते सोहरा

पहाटेचं विमान, कोलकात्याला बदल, दुपारी गुवाहाटी, तिथून सुमो. शिलाँगपर्यंत शंभर किलोमीटर आणि पुढे सोहरा अजून पन्नास-पंचावन्न. सोहरा म्हणजे शाळेत पाठ केलेलं चेरापुंजी, पण तिथली माणसं सोहराच म्हणतात म्हणून मीही तेच लिहिणार. बारापाणीच्या तलावाशी चहा झाला, बाकी प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, सगळे झोपलेलेच होते.

आम्ही चौघं. काका (बँकेतून रिटायर, सह्याद्रीत चाळीस वर्षं भटकलेले), ताई (हिचा हात चित्राचा, नकाशे हीच काढते), धाकटा (जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला) आणि मी. मी रस्त्याच्या कामांवर सर्वेयर आहे, रोज टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायचं तिपाईवरचं यंत्र) घेऊन उन्हात उभी असते. त्यामुळे 'गुहेची मोजणी करायला येतेस का' असं काकांनी विचारलं तेव्हा दुसरं काही विचारलंच नाही, कधी निघायचं एवढंच विचारलं.

आपल्याकडे बेसाल्ट. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्या, एखादी घळ, कपार असं काही काही सापडतं पण खरी मोठी नैसर्गिक गुहा विरळाच, आणि जी जगप्रसिद्ध आहेत ती लेणी, माणसाने छिन्नीने कोरलेली. मराठीत लेणं आणि गुहा हे दोन शब्द वेगळे आहेत हे किती बरंय ते इथे आल्यावर पटतं. इथे चुनखडीचा दगड आणि वर्षाला दहा-अकरा मीटर पाऊस, पाणी जमिनीतून मुरताना किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवत विरघळवत वाट काढतं. मेघालयात आजवर दीड हजाराहून जास्त गुहांची नोंद झालीये. खासी भाषेत गुहेला क्रेम म्हणतात. जैंतिया हिल्समधली क्रेम लिअत प्राह तीस किलोमीटरहून लांब आहे, आणि मॉसिनराम भागातली क्रेम पुरी तर वालुकाश्मातली, साडेचोवीस किलोमीटर, २०१८ मध्ये जगातली सगळ्यात लांब वालुकाश्म गुहा म्हणून जाहीर झाली. हे आकडे कोणी अंदाजाने सांगितलेले नाहीत, १९९२ पासून मोहिमांवर मोहिमा काढून, शिलाँगचे ब्रायन खारप्रान डॅली, इंग्लंडचे सायमन ब्रूक्स आणि त्यांच्यासोबतच्या कितीतरी लोकांनी चिखलातून सरपटत एकेक मीटर मोजलेला आहे. सुरुवातीची कित्येक वर्षं तर टेप, होकायंत्र आणि वहीवर.

दिवस दुसरा – छप्पन शॉट

आज गुहा नाही. आज कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र खरे आकडे देतंय ना ते तपासून जुळवून घेणं.

आमच्याकडचं यंत्र म्हणजे डिस्टोएक्स. दिसायला बांधकामावर वापरतात तसला लेझर डिस्टन्स मीटर, लायकाचा, पण आतला सर्किट बोर्ड बदललेला. बेआट हेब नावाच्या स्विस माणसाने हा बोर्ड बनवला. एक बटण दाबलं की अंतर, होकायंत्राची दिशा आणि चढ-उताराचा कोन तिन्ही एकदम मिळतं आणि ब्लूटूथने फोनवर जातं. बॅटरीसुद्धा वेगळी, चुंबकाला न खेचली जाणारी, नाहीतर होकायंत्र स्वतःच्याच बॅटरीकडे बघत बसेल.

कॅलिब्रेशन म्हणजे चौदा दिशांना प्रत्येकी चार वेळा, यंत्र दर वेळी वेगळ्या कुशीवर वळवून, एकूण छप्पन शॉट. लोखंड जवळ नको म्हणून आम्ही वस्तीपासून लांब पाइनच्या झाडांत गेलो. काकांनी घड्याळ, किल्ल्या, पट्टा सगळं उतरवून एका दगडावर ठेवलं. पहिल्यांदा एरर ०.९ अंश आला. अर्ध्या अंशाच्या आत पाहिजे. परत छप्पन. मग ०.३८. दोन तास गेले पण त्याबद्दल माझी जराही तक्रार नाही, साईटवर मशीन सेट न करता काम सुरू करणाऱ्यांचं पुढे काय होतं ते मी बघितलंय.

संध्याकाळी गावात जाऊन रांगबाह श्नाँगना, म्हणजे गावच्या मुख्य माणसाला भेटलो. परवानगीशिवाय इथे कुठल्याच गुहेत पाय ठेवायचा नाही. त्यांनी क्वाई दिली, ओली सुपारी, पान आणि चुना. मला सवय नाही, कान गरम झाले, पण पाहुण्याला दिलेली क्वाई नाकारायची नसते. त्यांच्या दोनच अटी होत्या, गावाचं आणि गुहेचं नाव कुठे टाकायचं नाही आणि आत काही तोडायचं नाही. म्हणून पुढे मी नुसतं गुहा म्हणेन.

दिवस तिसरा – क्रेम मॉम्लुह

ही मोजणीसाठी नव्हे, दर्शनाला. सोहराच्या जवळच, साधारण सात किलोमीटर लांब. नदीच्या पाण्यातूनच चालायचं, कुठे घोटाभर, कुठे मांडीपर्यंत.

या गुहेतल्या एका स्टॅलॅग्माइटने, म्हणजे थेंबाथेंबाने जमिनीवरून वाढत गेलेल्या चुन्याच्या खांबाने, पृथ्वीच्या कालगणनेत एक नाव टाकलंय. त्याच्या थरांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून कळलं की सुमारे ४२०० वर्षांपूर्वी मान्सून एकदम दुबळा पडला होता, आणि २०१८ मध्ये तेव्हापासून आजपर्यंतच्या काळाला 'मेघालयन' हे अधिकृत नाव मिळालं. आपण सगळे मेघालयन कालखंडात राहतोय. धाकटा हे सांगताना इतका भारावला होता की पाण्यात उभ्या उभ्या वीस मिनिटं बोलला आणि आम्हीही ऐकलं. काकांनी शेवटी फक्त एवढंच विचारलं, "अरे, म्हणजे पाऊस किती पडला ते या दगडाने लिहून ठेवलं?" हो काका, लिहून ठेवलं.

दिवस चौथा – पहिला स्टेशन

सकाळी नऊला आत. सोबत गावातले एक बाह (इथे मोठ्या पुरुषांना बाह म्हणतात, बाईला काँग), वय पन्नाशीचं, हातात टॉर्च आणि पायात साधी रबरी चप्पल. ते लहानपणापासून या गुहेत येतायत, पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं ते त्यांना भिंतीवरच्या रेषेवरून माहिती.

मोजणी कशी चालते ते सांगते कारण मॉडेल बघणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. तोंडाशी एक खूण पक्की करायची, तो स्टेशन शून्य. पुढे दिसेल तिथवर एक माणूस जातो, भिंतीवर एखादं टोक शोधतो, तो स्टेशन एक. शून्यावरून एकवर लेझर मारायचा, तीनदा, तिन्ही वेळा आकडे जुळले की अॅप त्याला लेग धरतं. लेग म्हणजे गुहेचा कणा. मग त्याच जागेवरून डावी भिंत, उजवी भिंत, छत, जमीन, कोपरे, जिथे जिथे गुहा फुगते तिथे तिथे शॉट, त्यांना स्प्ले म्हणतात. तेवढ्या वेळात ताई टोपोड्रॉइड या अॅपमध्ये फोनच्या स्क्रीनवर बोटाने स्केच काढते, चिखल कुठे, पाणी कुठे, खांब कुठे. मग सगळे पुढे सरकायचे आणि परत तेच.

माझ्या आजोबांच्या वेळी शेताची मोजणी साखळीने व्हायची. तेहतीस फुटांची साखळी, सोळा आण्यांची, एक साखळी बाय एक साखळी म्हणजे एक गुंठा. आजोबा सांगायचे, साखळी ओढणारा माणूस ढिला असेल तर बांध शेजाऱ्याकडे सरकतो. इथे साखळीच्या जागी लाल ठिपका आलाय पण ताण तोच आहे, ठिपका स्टेशनवरून बोटभर सरकला तर पुढची अख्खी गुहा बोटभर सरकते आणि कोणाला कळतही नाही.

दुपारी दोनपर्यंत मोठा पॅसेज संपला. पुढे एक जागा इतकी बसकी की हेल्मेट काढून, मान एका बाजूला वळवून, पोटावर सरकावं लागलं. माझ्या नाकासमोर भिंतीवर हाताच्या पंजाएवढा कोळी शांत बसलेला, त्याचे डोळे माझ्या टॉर्चमध्ये चमकत होते. मी त्याच्याकडे बघत एक वीत पुढे सरकले, मग थांबले, श्वास सोडला, मग परत एक वीत. पलीकडून बाह म्हणत होते, "धीरे, धीरे, जगह है." होती जागा. आत गेल्यावर उभं राहता आलं आणि तिथे छतावरून काचेच्या नळ्यांसारखे पोकळ पांढरे धागे लटकत होते, एकेक हातभर, प्रत्येकाच्या टोकाला एक थेंब. कोणीच काही बोललं नाही. ताईने फोन खाली ठेवला आणि नुसतं बघत बसली.

आज ३१ लेग. परत येऊन गावातल्या एका काँगच्या घरी भात, डाळ, तुंगरिम्बाई (आंबवलेल्या सोयाबीनची चटणी, वास उग्र पण भाताबरोबर फार छान) आणि आईने दिलेले मेथीचे लाडू.

दिवस पाचवा – वर्तुळ जुळेना

आज गुहेने खूश केलं. नळ्यांच्या दालनातून एक वाट डावीकडे गेली, वळली, खाली उतरली आणि बाहेर आलो तर समोर आमचीच कालची खूण, स्टेशन नऊ! म्हणजे लूप. सर्वेयरला लूप सापडणं म्हणजे काय ते कसं सांगू, आतापर्यंत आपण जे मोजलं त्यावर विश्वास ठेवण्याशिवाय पर्याय नसतो, लूप मिळाला की गुहाच आपल्याला तपासते.

रात्री लॅपटॉप उघडला. आम्ही सर्वेक्स वापरतो. केंब्रिजच्या गुहा धुंडाळणाऱ्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं सॉफ्टवेअर, फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे आणि तीसेक वर्षं लोक ते सांभाळतायत. डेटा साध्या टेक्स्ट फाईलमध्ये, या स्टेशनवरून त्या स्टेशनवर, अंतर, दिशा, कोन, एका ओळीत एक लेग. दोन दिवसांच्या दोन फाईली, वर एक मुख्य फाईल जी दोघींना बोलावते आणि सांगते की काल ज्याला नऊ म्हटलं आणि आज ज्याला सव्वीस म्हटलं तो एकच बिंदू आहे. मग केव्हर्न नावाचा प्रोग्राम सगळी गणितं करतो, लूपमध्ये जो फरक उरतो तो लिस्ट स्क्वेअर्स या गणिती पद्धतीने सगळ्या लेगांवर वाटून टाकतो, आणि तयार झालेली त्रिमिती फाईल अॅव्हन नावाच्या व्ह्यूअरमध्ये उघडायची.

उघडली. फिरत होती, सुंदर दिसत होती, खोलीप्रमाणे रंग बदलत होते. धाकटा टाळ्या वाजवायला लागला. पण मी एररची फाईल बघितली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. २१२ मीटरचा लूप आणि फरक ४.७ मीटर, म्हणजे दोन टक्क्यांच्या वर. एक टक्क्याच्या आत पाहिजे, डिस्टोएक्सने तर अर्ध्याच्या आसपास.

इथेच सगळ्यात मोठा मोह असतो. चित्र तर छान दिसतंय, सॉफ्टवेअरने फरक वाटूनही टाकलाय, कोणाला कळणार? पण लिस्ट स्क्वेअर्स बारीकसारीक चुकांसाठी आहे, घोडचुकीसाठी नाही. घोडचूक वाटली तर ज्या लेग बरोबर आहेत त्याही बिचाऱ्या वाकतात. मी म्हटलं, काका, हे असं मी ठेवणार नाही. काका म्हणाले, "ठेवायचंच नाहीये. शोध."

फाईलमध्ये आडवा फरक आणि उभा फरक वेगवेगळा येतो. उभा अगदी किरकोळ होता, सगळा गोंधळ आडवा. म्हणजे कोन बरोबर, अंतरही बहुतेक बरोबर, दिशा चुकलीये. अॅव्हनमध्ये रंग खोलीऐवजी एररप्रमाणे लावले तेव्हा लूपचा सगळा वळसा वेगळा उठून दिसला. मग तिघंजण एकेक ओळ वाचत बसलो आणि ताईला आठवलं, "अगं, तो बसका तुकडा. तिथे तू आडवी पडून शॉट मारत होतीस, हेड टॉर्च पार यंत्राला टेकली होती." टॉर्चची बॅटरी, कपाळावर, यंत्रापासून वीतभरही लांब नाही, आणि होकायंत्र तिच्याकडे ओढलं गेलेलं. तीन लेग तशा मारल्या होत्या, मिळून ३४ मीटर. आठ अंशांनी दिशा फिरली तर ३४ मीटरमध्ये टोक पावणेपाच मीटर सरकतं. आकडा तंतोतंत बसला आणि मग झोप लागली.

दिवस सहावा – परत तीन लेग, आणि एक झरा

सकाळी सहाला फक्त मी आणि बाह आत गेलो. टॉर्च काढून लांब दगडावर ठेवली, बाहंनी त्यांच्या टॉर्चने मागून उजेड दिला, आणि तीन लेग पुन्हा मारल्या. १२.३, ९.८, ११.९. अंतरं परवाचीच, दिशा सात-आठ अंशांनी वेगळ्या. तिथेच बसून फोनवर हिशोब बघितला. फरक ०.९ मीटर, म्हणजे साधारण ०.४ टक्के. मी बाहंना हातवारे करून सांगितलं की जुळलं. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

मग राहिलेला शेवटचा पॅसेज, जो उतरत उतरत पाण्यात बुडतो. छत पाण्याला टेकतं, पुढे जाता येत नाही. शेवटचा स्टेशन पाण्यावर, पुढे प्रश्नचिन्ह. एकूण ७८ लेग, ६४० मीटर लांबी, सगळ्यात वरच्या आणि खालच्या बिंदूत २३ मीटर.

दुपारी बाह म्हणाले की गावचा झरा त्या पाण्यातूनच येतो असं त्यांचे वडील सांगायचे. हे ऐकल्यावर गप्प कसं बसणार? संध्याकाळी ऊन उतरल्यावर (उन्हात लेझरचा ठिपका दिसत नाही) गुहेच्या तोंडापासून झऱ्यापर्यंत जमिनीवरून मोजणी केली, पांढरा कार्ड धरून, सुपारीच्या बागेतून, १९ लेग. सर्वेक्समध्ये त्यांना पृष्ठभागाचा शिक्का मारला की गुहेच्या लांबीत त्या धरल्या जात नाहीत, पण मॉडेलमध्ये दिसतात.

रात्री एक चूक माझ्याकडून झाली ती लिहून ठेवते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. तोंडाचे जीपीएस आकडे घालताना मी सवयीने यूटीएम झोन (नकाशासाठी पृथ्वीचे जे उभे पट्टे पाडलेत त्यातल्या एकाचा क्रमांक) ४३ टाकला, महाराष्ट्रातलं माझं बहुतेक काम त्याच झोनमध्ये असतं. मेघालयात ४६ लागतो. सॉफ्टवेअरने काही तक्रार केली नाही, आकडे दोन्हीकडे वैधच असतात. फाईल नकाशावर टाकली तर आमची गुहा राजस्थानात, कुंभलगडच्या आसपास. त्यामुळे नकाशावर एकदा टाकून बघितल्याशिवाय फाईल कोणाला देऊ नका.

झोन बदलला, गुहा घरी आली. आणि मग बघितलं, पाण्यात बुडालेला शेवटचा स्टेशन आणि झरा यांच्यात आडवं अंतर ५८ मीटर, आणि झरा चार मीटर खाली. तेच पाणी आहे हे यावरून सिद्ध होत नाही, त्यासाठी वर रंग सोडून खाली येतो का ते बघावं लागेल. पण वडिलांच्या सांगण्यात तथ्य असावं असं ते चित्र बघून कोणालाही वाटेल.

ताईने रात्री थेरियनमध्ये तिच्या स्केचच्या कडा सर्वेच्या कण्यावर बसवल्या. स्लोव्हाकियातल्या दोघांनी केलेलं हे सॉफ्टवेअर, शिकायला अवघड आहे, एक अल्पविराम चुकला की अडून बसतं. पण त्याची खुबी अशी की नंतर लूप सुधारला तर काढलेला नकाशा आपोआप ओढला-ताणला जाऊन बसतो, परत काढावा लागत नाही. आणि त्याच कडांना उंची देऊन भिंतींसकट त्रिमिती मॉडेल तयार होतं. तोवर आमची गुहा म्हणजे साळिंदर होती, मधे कणा आणि चहूबाजूंनी स्प्लेचे काटे. लॉख नावाच्या व्ह्यूअरमध्ये ती पहिल्यांदा अंग धरून आली. जिथे मी विती-वितीने सरकले होते तिथे मॉडेलमध्ये दोन दालनांच्या मधे एक कंबर दिसत होती, बारीक.

धाकट्याने लायडरवाल्या, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर असलेल्या फोनने नळ्यांचं दालन स्कॅन केलं होतं. तेही बघितलं, अगदी खरंखुरं दिसतं, फोटोच जणू, पण पाच मीटरपलीकडे त्याला काही दिसत नाही आणि लांब पॅसेजमध्ये ते हळूहळू भरकटतं. माझं मत स्पष्ट आहे, आधी कणा मोजा, मग त्यावर हवं ते चढवा. त्याचं मत वेगळं आहे आणि रात्री एकपर्यंत वाद चालला.

दिवस सातवा – काँगच्या चुलीपाशी

निघायच्या आधी गावाला मॉडेल दाखवायचं होतं. काँगच्या स्वयंपाकघरात, चुलीभोवती, रांगबाह श्नाँग, बाह, चार-पाच पोरं, दोन म्हाताऱ्या. लॅपटॉप एका पाटावर.

आधी वरून दाखवलं, नकाशासारखं. सगळे नम्रपणे बघत होते, फारसं काही नाही. मग मी एक कळ दाबून बाजूने उभा छेद दाखवला आणि हळूहळू फिरवायला सुरुवात केली. बाह एकदम पुढे सरकले. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, कंबरेपाशी, आणि खासीत काहीतरी म्हणाले. मग बोट डावीकडे, उतारावर, मग लूपमधून वर, परत नऊवर. बोट एकदाही अडखळलं नाही. लहानपणापासून ते आतून चालत आलेत, बाहेरून ती कशी दिसते हे त्यांनी आज पहिल्यांदा बघितलं, आणि तरी त्यांना प्रत्येक वळण ओळखू आलं.

मग जमिनीवरची रेघ दाखवली, सुपारीच्या बागेतून झऱ्यापर्यंत. एक म्हातारी काँग बराच वेळ बघत होती. तिने विचारलं आणि तिच्या नातवाने हिंदीत सांगितलं, "पूछ रही है, हमारा घर इसके ऊपर है क्या?" मोजलेलं नव्हतं पण बागेच्या कडेला तिचं घर, अंदाजाने दाखवलं. खाली दालन होतं, नळ्यांचं. तिने पाय उचलून मातीच्या जमिनीकडे बघितलं.

रांगबाह श्नाँगनी शेवटच्या स्टेशनवर बोट ठेवलं. याच्या पुढे काय? म्हटलं पाणी. ते म्हणाले फेब्रुवारीच्या शेवटी पाणी अजून उतरतं, छत आणि पाण्यात हातभर फट पडते, तेव्हा या.

नातवाच्या फोनमध्ये केव्हथ्रीडी, मॉडेल फोनवर बघायचं अॅप, टाकून दिलं आणि आमची फाईलही. बॅगा सुमोत चढवून निरोप घ्यायला परत आत गेले तर तो म्हाताऱ्या आजीच्या शेजारी बसून फोनवर दोन बोटांनी गुहा फिरवत होता, आणि आजी त्याला हाताने सांगत होती, अजून थोडी, या बाजूला. मी खुब्लेई (खासीत धन्यवाद) म्हटलं. काकांनी लगेच कॅलेंडर उघडून फेब्रुवारी बघितला, २४ तारखेचं तिकीट आजच काढलंय.